माय माझ्याशी वऱ्हाडीत बोलली

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. वकिलांच्या पडवीत आरास मांडली होती. एकावर एक पाट लावून पायऱ्या केलेल्या, सगळ्यात वर गौर, तिच्याखाली चिनी मातीची बदकं, लाकडी बाहुल्या, करंज्यांचं तबक. आरास जिथं संपत होती तिथून खाली अंगण. त्या अंगणात मी उभी. मला तिथंच उभं राहायला सांगितलं होतं. जळगाव जामोदचं चैत्राचं ऊन, फरशी तापून लाल झालेली, आणि माझ्या पायात काही नव्हतं.

वकिलीणबाईंनी आराशीतली कैरी उचलून धरली.

"हं, याला काय म्हणता गं तुम्ही?"

मी सांगितलं. बायका हसल्या.

मग फणी. मग दिवा. मग पाण्याचा तांब्या. मग बाईंनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं. मी एकेक सांगत गेले आणि हसू वाढत गेलं. पन्हं पिता पिता एकीला ठसका लागला.

"आणि आईला?" बाई म्हणाल्या. "आईला काय म्हणता?"

मी तेही सांगितलं. त्यावर सगळ्यात जास्त हसल्या. एका देशमुखाच्या घरची जाडजूड बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काय वं हे बोलनं. मानसाचं हाये का पाखराचं?"

मग सगळ्यांना हळदीकुंकू लागलं, अत्तर लागलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. माझ्या वाट्याचे हरभरे बाईंनी पडवीच्या काठावरून, वरून, माझ्या पसरलेल्या ओच्यात सोडले. हात हाताला लागू नये याची काळजी घेऊन. काही दाणे फरशीवर पडले. ते मी वेचले. वेचताना बोटं भाजली.

आणि मीही हसत होते. हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. दहा-अकरा वर्षांचं पोर, सगळे हसतात तर तेही हसतं. मला वाटलं, मी त्यांना आवडले.

मी निहाल जातीची. सातपुड्याच्या पायथ्याची. आमची भाषा आमचीच आहे, दुसऱ्या कुठल्या भाषेशी तिचं नातं लागत नाही, असं पुढं मला एका शिकलेल्या माणसानं सांगितलं. त्यानं सांगण्याआधी आम्हाला ते ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नव्हतं. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. एकही नाही. एवढं वाचून कोणाची निराशा झाली असेल तर होऊ द्या.

आमच्या झोपड्या वकिलांच्या शेताच्या कडेला होत्या. त्यांचं शेत डोंगराला लागून. ज्वारी, कापूस, बांधावर आंबे. माझा बा त्या शेताचा राखणदार. रानडुकरं हाकायची, माकडं हाकायची, चोरांवर नजर ठेवायची. आणि चोर म्हणजे आमचीच जात, असं सगळं गाव म्हणायचं. त्यामुळं बा स्वतःवरच नजर ठेवत होता म्हणा ना.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठा साहेब नागपूरला, त्याचा कारभार इंग्रजीत. तहसील कचेरीत मराठी. शिपाई आणि जंगलचा नाकेदार हिंदुस्थानीत शिव्या देत. बाजारात वऱ्हाडी. डोंगरावर कोरकू लोक, त्यांच्याकडे आम्ही मजुरीला जायचो, तर त्यांच्याशी कोरकू. आमच्या पोराला दात येईपर्यंत या सगळ्यांतलं थोडं थोडं येऊ लागायचं. याला कोणी शिक्षण म्हणत नव्हतं.

आमची भाषा फक्त चुलीपाशी.

त्यातही एक रीत होती. परका माणूस दिसला की आमची भाषा बंद. वाक्य अर्धं झालं असलं तरी पुढचं अर्धं दुसऱ्या भाषेत. कोरकू आला तर कोरकूत, नाकेदार आला तर हिंदुस्थानीत, बाजारचा माणूस आला तर वऱ्हाडीत. कोणी खूण करत नाही, कोणी गप्प बस म्हणत नाही. तोंड आपोआप वळतं. आमच्या बोलण्याला लोक चोरांची भाषा म्हणत आले. चार निहाल आपल्या भाषेत बोलताना दिसले की काहीतरी बेत शिजतोय, असं समजून आमच्या आज्या-पणज्यांनी मार खाल्लेला. म्हणून ही रीत. पोराला भाषा शिकवतात तेव्हाच ही शिकवतात, वेगळी शिकवावी लागत नाही.

मग मी का बोलले? तेच सांगते.

बाई पुण्याकडच्या. वकिलांनी लग्न करून आणलेल्या. शिकलेल्या, सुधारक. त्यांचा धाकटा मुलगा पाळण्यात होता, त्याला झोके द्यायला कोणी हवं होतं. वकिलांनी बाला सांगितलं, पोरीला पाठव. बानं पाठवलं, आणि मी तिथंच राहू लागले. पाळणा माजघरात, आणि मला माजघरात जायची बंदी. म्हणून पाळण्याला लांब दोरी बांधून ती खिडकीतून बाहेर काढली होती. मी पडवीत बसून ती ओढायची. त्या मुलाचा चेहरा मी फार दिवस पाहिलाच नव्हता. रडणं मात्र ओळखायची.

पडवीतच बाई आपल्या मोठ्या मुलीला, शकूला, आणि गल्लीतल्या पाच-सहा मुलींना शिकवत. मी दोरी ओढता ओढता पाहायची आणि धुळीत बोटानं गिरवायची. बाईंच्या ते ध्यानात आलं. त्या रागावल्या नाहीत. उलट खूश झाल्या. मला एक फुटकी पाटी दिली. मुलींपासून लांब, खांबाशी बसवून शिकवू लागल्या. शिकवायच्या छान, हे मी नाकारत नाही.

एके दुपारी त्यांनी पाटीवर "घर" लिहून दिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे काय गं म्हणतात घराला?"

आता आमच्याकडे देणं-घेणं असं असतं. आम्ही डोंगरातून डिंक, मध, चारोळी आणायचो आणि बाजारात त्याच्या बदल्यात मीठ, तेल, ज्वारी घ्यायचो. कोणी हातावर काही ठेवलं तर आपण त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचंच, नाहीतर तो माणूस आपल्याला भिकारी समजतो. आणि निहाल भीक मागत नाही, माय हे फार ताठ मानेनं सांगायची. बाईंनी मला त्यांचा शब्द दिला. माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं? मी माझा दिला.

त्यांनी एक लिहून द्यायचं, मी एक सांगायचं. असे कित्येक दिवस गेले. मला वाटलं, आमच्या दोघींचा हा व्यवहार आहे. बाईंना तो व्यवहार वाटत नव्हता. त्यांना खेळणं सापडलं होतं.

हळदीकुंकवानंतर मला बोलावणं वाढलं. वकिलांकडे अमरावतीचे पाहुणे आले, बोलवा तिला. खामगावचे व्यापारी आले, बोलवा. कोणी म्हणायचं, मोजून दाखव. कोणी म्हणायचं, रडून दाखव, तुमच्यात रडतात कसं. मी म्हणायची, रडायला भाषा लागत नाही. त्यावरही हसायचे.

बाईंना माझी वऱ्हाडीही खपत नव्हती. "मले" म्हटलं की लाकडी पट्टी बोटांवर. "मले नाही, मला. म्हण, मला." मी म्हणायची, मला. मार चुकवण्यापुरतं मी फार लवकर शिकते.

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. हळदीकुंकू आटोपून बायका गेल्या आणि बाईंनी पुण्याहून आलेल्या आपल्या बहिणीला त्या देशमुखीणबाईची नक्कल करून दाखवली. हात कमरेवर ठेवून, गाल फुगवून. "मले तं बाप्पा पन्हं लयच गोड लागलं." दोघी बहिणी हसून लोळल्या. मी अंगणात हरभरे वेचत होते. ज्या बाईनं मला पाखरू केलं होतं, तिला या दोघींनी म्हैस केली. आणि वकील घरात इंग्रजी बोलले की बाई कशा गप्प होऊन पदर सावरायच्या, तेही मी पाहिलं होतं. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी बसलेला. सगळ्यांत खाली मी. माझ्याखाली कोणी नव्हतं म्हणून मी कोणाला हसू शकत नव्हते, एवढाच फरक.

माझी मावशी वकिलांकडे मोळी टाकायला यायची. मागच्या दारानं. एक दिवस तिनं मोळी उतरवली आणि पडवीतून माझा आवाज ऐकला. चार पुरुष आणि बाई बसलेले, आणि मी खणखणीत आवाजात आमचं बोलत होते. मावशी तशीच निघाली. मला ती दिसली. मी तिला हाक मारली, आमच्या भाषेत. पुरुष हसले. मावशीनं मागं वळून पाहिलं नाही.

आठवड्यानं सुटी मिळाली. मी घरी गेले. दिवस कलला होता. झोपडीपुढं माय, मावशी आणि शेजारची म्हातारी मोहफुलं निवडत बसल्या होत्या. लांबून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आमचं बोलणं. किती दिवसांनी कानावर पडत होतं, माझी पावलं आपोआप भराभर पडू लागली.

मी जवळ गेले. मायनं मान वर केली. वाक्य अर्धं तिच्या तोंडात होतं.

पुढचं अर्धं वऱ्हाडीत आलं.

"आली का? बस. भाकर हाये टोपल्यात."

मला आधी समजलंच नाही. मी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागून कोणी बाजारचा माणूस आलाय. मागं कोणी नव्हतं. वाट रिकामी होती. त्या वाटेवरून आलेली परकी मीच होते.

मी आमच्या भाषेत विचारलं, बा कुठं आहे. माय म्हणाली, "वावरात गेला." मी आमच्यात विचारलं, भाऊ कुठं आहे. ती म्हणाली, "नाल्यावर असन." मी आमच्यात बोलत होते आणि ती बाजारात बसल्यासारखी मला वऱ्हाडीत उत्तरं देत होती. तेवढ्यात धाकटा भाऊ आला, तिच्या मांडीवर पडला, तशी ती त्याच्या कानाशी लागून आमच्यात काहीतरी म्हणाली. तो हसला. मी जवळ सरकले. माय गप्प झाली.

मी किती प्रयत्न केले. तिच्यासोबत पाण्याला गेले, लाकडाला गेले. लहानपणी ती म्हणायची ते गाणं मीच म्हणायला लागले, ती साथ देईल म्हणून. ती डोक्यावरचा हंडा सावरत पुढं चालत राहिली. शेवटी मी रडकुंडीला येऊन विचारलं. कसं विचारलं पाहा, वऱ्हाडीत. कारण आमच्यात विचारलं असतं तर तिनं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं असतं.

"काऊन बोलत नाही माय मह्यासंगं?"

"बोलूनच तं राह्यली."

"आपलं काऊन बोलत नाही?"

तिनं हंडा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते.

"तू बजारची झाली," ती म्हणाली. "म्या तुह्यावर रागावली नाही. पन तुह्यासमोर तोंडच वळत नाही आता."

कोणी पंचायत बसवली नव्हती, दंड ठोकला नव्हता. सगळ्या झोपड्यांतून तेच. मी दिसले की वऱ्हाडी. ज्या म्हातारीनं माझी नाळ कापली तीसुद्धा मला म्हणाली, "बरी हायेस का वं?" बानं एकदा अडखळत माझ्याशी आमच्यात एक शब्द बोलायचा प्रयत्न केला आणि तोही लगेच इकडंतिकडं पाहून हिंदुस्थानीत शिरला, नाकेदाराशी बोलतो तसा. मी त्याच्या पोटची पोर. तो माझ्याशी नाकेदाराशी बोलतो तसा बोलला.

मी म्हटलं, मला परत पाठवू नका. बा म्हणाला, "नाही कसं म्हनाव वकिलाले? झोपडी त्याच्या वावरात हाये." मग मी परत गेले.

पावसाळा सरला. बाईंच्या वर्गाला सरकारी मंजुरी मिळायची होती. त्यासाठी शाळा तपासणारी गोरी मडम येणार होती. बाई महिनाभर आधीपासून कामाला लागल्या. मुलींना कविता, शकूला इंग्रजीत दोन ओळी. आणि सगळ्यांत शेवटी मी. बाईंनी ते मला असं समजावलं: "आधी तू तुमचं ते बोलायचं. मी टाळी वाजवली की थांबायचं आणि शुद्ध मराठीत स्वागत म्हणायचं. म्हणजे मडमना दिसेल, आपण तुला कुठून कुठं आणलं ते." मग माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "मडम खूश झाल्या तर तुला अमरावतीला पाठवते. ट्रेनिंगला. मास्तरीण होशील गं."

मला व्हायचं होतं. हे कोणी खोटं समजू नये. मला खुर्चीवर बसून हातात खडू धरायचा होता. मी रात्रंदिवस ते स्वागत पाठ करत होते. आणि तरीही मनात एकच गोष्ट कुरतडत होती, की माय बोलली पाहिजे. एकदा. एक वाक्य.

त्या दिवशी मडम आली. टोपी, छत्री, सोबत वकील दुभाषे. मुलींच्या कविता झाल्या. शकूचं इंग्रजी झालं. मला पुढं आणलं. आणि मग मागच्या दारातून बा आला आणि त्याच्यामागं माय.

बाईंनी मला सांगितलं नव्हतं. वकिलांनी बाला निरोप धाडून मायला बोलावून घेतलं होतं. धुतलेलं लुगडं नेसायचं नाही, असंही सांगितलं होतं. रोजचं, जसं असेल तसं. माय रोजच्या फाटक्या लुगड्यात अंगणाच्या मधोमध उभी राहिली. तिला बा आणि मी सोडून कोणी आपलं नव्हतं. तिच्या पायाला चिखल होता. मडमनं तो पाहिला आणि वकिलांना काहीतरी म्हणाली. वकील हसले.

बाई आनंदात होत्या. "हिची आई. आता या दोघी मायलेकी आपसांत बोलतील." मग आमच्याकडे वळून, "हं, बोला. काहीही बोला. घरी बोलता तसं."

घरी बोलता तसं.

मायनं चिखलाचे पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"बोला ना. लाजू नका." बाईंनी मला खूण केली. "तू सुरू कर गं. तू बोललीस की ती बोलेल."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, ही आता बोलेल. वकिलाचा हुकूम आहे, झोपडी त्याच्या जमिनीवर आहे, बा हात जोडून उभा आहे. मी विचारलं तर तिला उत्तर द्यावंच लागेल. आमच्या भाषेत द्यावं लागेल. इतके महिने मी ज्याच्यासाठी तडफडत होते ते आत्ता, इथं, मला मिळेल. मी फक्त तोंड उघडायचं. माय माझ्याशी बोलेल, आणि त्यावर हे सगळे हसतील.

माझे ओठ उघडलेही होते. माय एक पाऊल मागं सरकली. ती घाबरली होती. माझी माय, जी अस्वलाला हाकलून लावायची, ती माझ्या तोंडाकडे पाहून घाबरली होती.

मग मला सगळं एकदम दिसलं. ज्यांनी माझ्या तोंडातून एकेक शब्द काढून घेऊन मला घरातून तोडलं, त्यांना आता मायला माझ्या हातून उघडं करायचं होतं. तिचं लुगडं सोडायला सांगितलं असतं तर मी सोडलं असतं का?

मी बाईंकडे वळले. त्यांनीच पट्टीनं घडवलेल्या मराठीत म्हटलं, "मी माझ्या आईला बोलायला लावणार नाही. मीसुद्धा बोलणार नाही."

बाईंनी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, मी घाबरून क्रम विसरले. "आधी तुमचं, मग मराठी," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"विसरले नाही," मी म्हटलं. "नाही म्हणते आहे. आम्ही बाहुल्या नाही. तिला जाऊ द्या."

मडमनं वकिलांना विचारलं. वकिलांनी चेहरा न बदलता इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मडम माझ्याकडे पाहून गोड हसली आणि तिनं माझ्या गालाला बोट लावलं. नंतर शकूनं आपल्या वडिलांना विचारून मला सांगितलं. वकिलांनी सांगितलं होतं, पोर लाजते आहे, पण तिचे उच्चार पाहा किती सुधारले.

मी नाही म्हटलं होतं. ते मडमपर्यंत पोचलंच नाही. माझं नाहीसुद्धा त्यांनी आपल्या शोभेला लावलं. वर्गाला मंजुरी मिळाली.

मडम गेल्यावर बाईंनी मारलं नाही. माझी पाटी घेतली आणि म्हणाल्या, "कुत्र्याला भाकरी टाकली तर तेसुद्धा शेपूट हलवतं गं." त्या आठवड्यातच बाची राखण गेली. झोपड्या उठवायला माणसं आली. आम्ही सामान डोक्यावर घेऊन डोंगरात वर, एका कोरकू गावाच्या कडेला जाऊन राहिलो.

त्या वाटेवर मला आशा होती. मी तिच्यासाठी एवढं केलं, आता तरी. माय पुढं, मी मागं. चढण होती. ती थांबली, वळली. मी भराभर तिच्यापाशी चढून गेले.

"पाय उचल," ती म्हणाली. "अंधार पडन."

वऱ्हाडीत.

ती त्यानंतर फार जगली नाही. डोंगरात हिवतापानं धरलं. तापात ती बडबडायची, तासन् तास, आमच्या भाषेत. भावाशी, मेलेल्या आईशी, कोणाकोणाशी. मी पाणी घेऊन आत गेले की त्या तापातसुद्धा तिला माझी चाहूल लागायची आणि ती म्हणायची, "पानी ठेव तिथं." म्हणून मी आत जायचं सोडलं. भाऊ आत बसायचा. मी झोपडीच्या कुडाला पाठ लावून बाहेर बसायची आणि कान देऊन ऐकायची. माझ्या मायचं बोलणं मी चोरून ऐकलं. शेवटपर्यंत चोरूनच. ती गेली तेव्हा शेवटचं काय म्हणाली ते मला भावानं सांगितलं, आणि त्यानंही ते मला वऱ्हाडीत सांगितलं.

कैक वर्षं मी समजत होते की दोष माझा. मी भाषा विकली, माझ्यामुळं झोपड्या उठल्या, माझ्यामुळं माय. मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची. एक शब्दही कोणाशी बोलू नये असं वाटायचं. विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिले आहे मी.

मग डोकं जागेवर आलं, सावकाश. दहा वर्षांच्या पोरीनं तिच्यावर माया करणाऱ्या बाईला घराला काय म्हणतात ते सांगितलं. यात कुठं पाप आहे? पाप त्या घराचं आहे, जिथं मला अक्षर खांबाशी शिकवलं आणि माझा शब्द अंगणात मांडला. आणि आमच्या रीतीलाही मी आता हात जोडत नाही. मारणारा आला की आपण आपलं तोंड बदलायचं, हे किती पिढ्या चालवायचं? तोंड बदलून मार चुकला का आमचा? उलट ती रीत माझ्यावर फिरली आणि मायच्या तोंडून मला परकी करून गेली. मायला मी दोष देत नाही. पण तिच्यासारखी मी मरणार नाही.

आता मी खामगावात कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी निवडते. नवरा कोरकू, तिथंच हमाल. आम्हाला एक मुलगी आहे. तिच्याशी मी जन्मल्यापासून आमच्यात बोलते. ती मला उत्तर देते. जगात मला त्या भाषेत उत्तर देणारं तेवढं एकच माणूस आहे.

यंदा तिला शाळेत घातलं. नाव लिहिणारा मास्तर तरुण होता, बरा होता. त्यानं जात विचारली, मी सांगितली. त्याचे डोळे चमकले. ते चमकणं मी ओळखते.

"हिला तुमची ती भाषा येते का?"

"येते."

"मग गॅदरिंगला बोलायला लावू तिला. मुलांना गंमत वाटेल."

"ती शिकायला आली आहे," मी म्हटलं. "गंमत वाटायला दुसरं काहीतरी शोधा."

तो ओशाळला. मी मुलीला घेऊन शाळेच्या दारात आले. मैदानात पोरं जमलेली, बाहेर रस्त्यावर माणसं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि जे सांगायचं होतं ते आमच्या भाषेत, मोठ्यानं, सांगितलं. परतताना कोणत्या रस्त्यानं यायचं, भाकर कुठं ठेवली आहे, कोणी हात लावला तर काय करायचं. पोरं हसायला लागली. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी वळून पाहिलं. माझं बोलणं संपेपर्यंत मी थांबले नाही, आणि मुलीनं सगळ्यांसमोर, न अडखळता, मला उत्तर दिलं.

मास्तर मागून येऊन म्हणाला, "काय म्हणालात?"

मी सांगितलं नाही.

हे आता असंच चालणार. बाजारात, रस्त्यावर, कचेरीच्या दारात, साहेब समोर असो की शिपाई, मी माझ्या मुलीशी आमच्यातच बोलणार. ती त्यांची मराठी शिकेल, त्यांची इंग्रजी शिकेल, जे जे त्यांच्याकडे आहे ते सगळं शिकेल. आमचा एक शब्दही कोणाला दाखवायला मिळणार नाही आणि एक शब्दही लपवला जाणार नाही. ज्याला हसायचं त्यानं हसावं. मी आवाज खाली आणणार नाही, आणि तिलाही आणू देणार नाही.